बावीस सप्टेंबरची नोंद

— नाही नाही, उठू नकोस, बस तू. त्या खुर्चीचा पाय हलतो म्हणून म्हटलं बाकावर बस, दुसरं काही नाही — आणि काय म्हणत होते मी — हां, अर्ज. अर्ज ठेव तिथं टेबलावर, वाचते मी, पण वाचून काय होणार आहे कोकिळा? तुला वाटतं मॅडमनं पेन उचललं, दाखिल-खारिज रजिस्टर उघडलं, एक तारीख खोडली, दुसरी लिहिली, झालं काम. शाळेचं रजिस्टर आहे बाई ते. पोर पहिलीत आलं आणि त्याची जन्मतारीख त्यात एकदा चढली, की तीच दहावीच्या अंकसूचीवर जाते, तिथून नोकरीत जाते, माणूस रिटायर होईतो पाठ सोडत नाही. खाडाखोड दिसली की पहिला प्रश्न — कुणी केली? दुसरा — कुणाच्या हुकमानं केली? — ए तिसरीवाले! पाढे म्हणायला सांगितले होते की कुस्ती खेळायला? — बघ, दोन वर्ग एकटीच्या अंगावर आहेत आज, दुसऱ्या मॅडम ट्रेनिंगला गेल्यात, पाच दिवस टाळ्या वाजवत गाणी म्हणायला शिकवणार त्यांना, आणि इथं चौथीच्या पोरांना वजाबाकी कोण शिकवणार, तर कुणीच नाही.

तुला हसू येतंय? येऊ दे, मलाही आलं असतं. सकाळी आले की आधी मोबाईलवर हाजिरी, स्वतःचा चेहरा दाखवायचा मोबाईलला, की बघ बाबा मी आले. नेटवर्क फक्त त्या हापशापाशी येतं, म्हणून रोज साडेदहाला हापशापाशी उभी राहून मी चेहरा दाखवते आणि पाणी भरायला आलेल्या बाया माझ्याकडे बघत बसतात. मग खिचडीची पोरं मोजा, किती जेवली ते चढवा. मग समग्र आयडी, सरकारनं प्रत्येक पोराला दिलेला नंबर, तर कुणाचं आडनाव जुळत नाही, कुणाच्या बापाचं नाव दोन ठिकाणी दोन. मग मतदार यादी घेऊन दारोदार फिरा — कोण मेलं, कोण लग्न होऊन गेलं. बासष्ट पुरी होतील आता मला, सिंधीपुऱ्याहून रोज दोन ऑटो बदलून येते, गुडघे वाजतात, आणि एवढं सगळं उरकून वेळ राहिला तर शिकवा. सदतीस वर्षं झाली. आणि आता शेवटच्या महिन्यात ही नोटीस. ‘कारण बताओ.’ सदतीस वर्षांत पहिली, कोकिळा.

हो, माहितीये मला अश्विनीचं. मला काय सांगतेस? पहाटे उठून कालव्याच्या रस्त्यानं पळत होती पोरगी, वर्षभर, मला ऑटोतून दिसायची कधीकधी, हात करायची. फॉरेस्ट गार्डची लेखी पास झाली तेव्हा तुमच्याआधी मला फोन केला तिनं. मग मैदानी पास झाली. मग कागद तपासायला बसले आणि तिथं अडलं — आधारवर नऊ फेब्रुवारी, अंकसूचीवर बावीस सप्टेंबर. वर्ष तेच. ते म्हणाले, आम्ही अंकसूची धरतो. एक ऑगस्टला अठरा पूर्ण पाहिजेत, या हिशेबानं बावन्न दिवस कमी पडतात. बावन्न दिवस! फेब्रुवारी धरलं तर पोरगी अठराची होऊन वर सात महिने झालेत. आता सोमवारपर्यंत शाळेचं लेखी पाहिजे, की नोंद चुकीची आहे आणि का चुकली, नाही तर तिच्या जागी खालची उमेदवार. समजलं मला, कोकिळा, पाठ झालंय. रात्रंदिवस तेच चाललंय डोक्यात.

पण तू मला सांग, चूक कुणाची? माझी? तुला माहितीये आधी काय करायचे मास्तर लोक? बाई पोराला घेऊन आली, तारीख विचारली, ती म्हणते ठाऊक नाही — लिही एक जुलै. धूलकोटला माझी पहिली नेमणूक झाली ना, चोवीस वर्षांची होते, रजिस्टर उघडलं तर पानच्या पान एक जुलै, एक जुलै, एक जुलै. सगळ्या गावाच्या बाया एकाच दिवशी बाळंत झाल्या होत्या जणू. मला असा राग आला! कोंबड्यांची अंडीसुद्धा निरनिराळ्या दिवशी येतात, आणि या लेकरांना स्वतःचा म्हणून एक दिवस नाही? त्या दिवशी ठरवलं की मी एक जुलै लिहिणार नाही. आईला बसवायची, विचारायची — पाऊस होता का गं? कापूस वेचायला चालला होता की संपला होता? दिवाळी झाली होती? थंडी होती? आणि त्यावरून महिना काढायची. महिना निघाला की तारीख… तारीख मी द्यायची. हो, मनानंच. एका वर्गात एका दिवशी दोन पोरं यायला नकोत, एवढं बघायची. आमच्या जनशिक्षकांना, शाळा तपासायला यायचे त्यांना, माहीत होतं, हसायचे, म्हणायचे, मॅडम जन्मतारखा वाटतात. वाटत होते! काय बिघडलं? तेव्हा कुणी नोटीस नाही दिली.

आणि त्याचं काय झालं ते तू बघितलंयस, तू नाही म्हणू शकत नाहीस. ज्याचा वाढदिवस त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूनं, चार दिवस आधीपासून. त्या दिवशी हाजिरी त्यानं घ्यायची, घंटा त्यानं वाजवायची, बिस्किटं त्यानं वाटायची, आणि त्या दिवशी त्याला कुणी मारायचं नाही, मीसुद्धा नाही. केळीची कटाई लागली की अर्धा वर्ग बापाच्या मागे वाडीत, हे तर तुम्ही लोक करताच, पण ज्याचा वाढदिवस तो कटाई सोडून यायचा. तो दगा आठवतो? आधीची दोन गेली म्हणून आजीनं नाव दगा ठेवलं, सगळे चिडवायचे, कोपऱ्यात बसून असायचा. त्याला मी मकर संक्रांतीचा दिवस दिला. पहिल्यांदा घंटा वाजवली त्यानं तर थांबेचना, मी हात धरला तेव्हा थांबला. आज ट्रॅक्टर चालवतो, दोन मुलांचा बाप आहे, अजून संक्रांतीला येऊन तिळाचा लाडू हातावर ठेवतो, म्हणतो, मॅडम, आज बड्डे मेरा. मला या नोकरीनं काय दिलं कुणी विचारलं ना, तर परवा शिक्षक दिनाला गळ्यात टाकली ती शाल नाही दाखवणार मी. दगा दाखवीन.

आणि आता हे लोक म्हणतात, आधार काय होता? कशाच्या आधारावर जन्मतिथि लिहिली, तीन दिवसांत खुलासा द्या. काय आधार सांगू? कापूस वेचत होते, हा आधार? एकदा मी लिहून दिलं की मनानं तारीख घातली, की चौकशी बसली. मग ते एका अश्विनीवर थांबत नाहीत, सगळं रजिस्टर नेतील, दगाचं काढतील, चंदनचं काढतील, पूजा आता तिकडं पोस्टात लागली तिचं काढतील. आणि माझं? चौकशी चालू असली की पेन्शनचा कागद हलत नाही. शिक्षण ऑफिसातले ते नंदकुमार बाबू, भला माणूस आहे, मला बाजूला घेऊन म्हणाले, मॅडम, या महिन्याच्या तीसला तुम्ही रिटायर, तीनच आठवडे राहिले, कशाला आगीत हात घालता? माझे मिस्टर — ते तर कुणाच्या अध्यात ना मध्यात — तेसुद्धा म्हणाले, उषा, तीन आठवडे तोंड बंद ठेव. आता माझं काय गं, मूल ना बाळ, आम्ही दोघंच, पण दोघांना खायला लागतंच ना? त्यांच्या दुकानात काय राहिलंय? ज्या महिन्यात जन्म त्याच महिन्याच्या शेवटी घरी पाठवतात, सरकारचा नियम आहे, आणि मी सप्टेंबरची, म्हणून तीस सप्टेंबरला —

काय बघते आहेस?

हो. सप्टेंबरची. बावीस. झालं समाधान? माझी तारीख आहे ती, खरीखुरी, माझ्या आईनं वहीत लिहून ठेवलेली. तुला कधी कळलं नव्हतं? कसं कळणार, मी कुणाला सांगितलं नव्हतं. अश्विनीलासुद्धा नाही. फळ्यावर तिचं नाव लिहायचे, तिच्या हातून बिस्किट घ्यायचे, आणि मनातल्या मनात… असू दे. वेडेपणा म्हण. नाव घालायच्या दिवशी रांगेत उभी होती ती तुझा पदर धरून, नाक वाहत होतं, आणि बाकीची पोरं रडत होती तर ही भिंतीवरची बाराखडी बघत होती, आपलं आपण बोट फिरवत होती हवेत. पंचवीस वर्षं शेकडो पोरांना तारखा दिल्या होत्या, माझी कुणाला दिली नव्हती. राखून ठेवली होती, असं नाही — म्हणजे ठेवलीच होती. सतरा वर्षं दवाखाने केले आम्ही. इंदूर केलं, जळगाव केलं. त्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं आता पुरे. जुलैत शाळा उघडली आणि तुझी पोरगी समोर. मी लिहून टाकली.

बस, रडत नाहीये मी. खडूची ॲलर्जी आहे, डोळ्यांतून पाणी येतं. पण तू — तू तरी बोलायचं होतंस! सख्खी आई तू, पोर तुझ्या पोटची, समोर एक बाई तिला भलतीच तारीख चिकटवते आहे आणि तू उभी! एक शब्द बोलायला काय झालं होतं? तुम्ही लोक असंच करता, मॅडमपुढे मान खाली घालून उभं राहायचं, हो मॅडम, जी मॅडम, आणि बारा वर्षांनी अर्ज घेऊन यायचं. त्याच वेळी जर तू —

बोललीस. बोलली होतीस तू. ‘मॅडम, मनाजोडे कारड शे.’ माझ्याकडे कार्ड आहे, एवढंच. आणि कमरेच्या पिशवीतून काढतही होतीस, प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, मला दिसली. ऐकू आलं होतं मला कोकिळा. आजवर म्हणत आले की गर्दी होती, वीस बाया रांगेत, पंखा बंद, कसं ऐकू येणार. नंदकुमार बाबूंना हेच सांगितलं, घरी हेच सांगितलं. पण आलं होतं ऐकू. मला वाटलं, कार्डात काय असणार, खाडाखोड असणार, दवाखान्यातल्या बाया काय वाटेल ते लिहितात. म्हणजे — खरं सांगू? मला बघायचंच नव्हतं. बघितलं असतं तर दुसरी तारीख लिहावी लागली असती. मी म्हटलं, राहू दे ते कार्ड, इथं सही कर, बाकीचं मी भरते. तू तारखेच्या कोऱ्या जागेखाली सही केलीस. नुकतीच सही शिकली होतीस ना तू, बायकांच्या वर्गात? किती वेळ लावून केली होतीस. मीच शिकवली होती.

आणि ती सही आता — थांब. पाणी पिते. तूही घे.

ती सही आता कुठे आहे माहितीये? मंगळवारी ऑफिसला गेली. फोटोकॉपी. माझ्या खुलाशाला जोडून. हो, खुलासा देऊन झालाय माझा. तू अर्ज घेऊन आलीस, आल्यापासून मी तुला सांगते आहे की काय होईल, कसं होईल — झालंय ते. मी लिहून दिलंय, ‘उक्त जन्मतिथि बालिका की माता द्वारा मौखिक रूप से बताई गई।’ माता द्वारा. तू सांगितलीस असं. खाली तुझी सही पुरावा म्हणून. नंदकुमार बाबूंनी कागद बघितला आणि म्हणाले, वा मॅडम, आता तुमच्यावर काही येत नाही. आणि खरंच नाही येत. आईनंच तारीख सांगितली म्हटल्यावर शाळेची चूक कुठली? चूक नाही तर दुरुस्ती कसली? म्हणून तर तुम्हाला परत पाठवलं त्यांनी, शाळेतूनच लिहून आणा म्हणून, आणि तू भाबडी इथं आलीस, मॅडम करतील काहीतरी. मॅडमनं केलंय. पोरगी वर्षभर पळली, आणि मी एका ओळीत बसवली तिला घरी.

शिव्या दे मला. दुसरी कुणी असती तर झिंज्या धरल्या असत्या माझ्या. अशी मांडीवर पिशवी धरून बघत बसू नकोस, मला नाही सहन होत — ए, कोण आहे दारात? खिचडी झाली? जा, हात धुवायला लावा सगळ्यांना, मी येते. चंदनच्या धाकट्याला आधी द्या, तो सकाळचा उपाशी येतो. — काढ ते. पिशवीतून काढ म्हणते मी. बारा वर्षं उशीर झाला पण काढ. चष्मा… हा. किती जपून ठेवलंयस गं. लसीचे शिक्के सगळे जागेवर. ‘कोकिळाबाई… बालिका… वजन दोन किलो चारशे… दिनांक नऊ फेब्रुवारी, पहाटे पाच वाजून दहा मिनिटे.’ मिनिटं आहेत यात! मी पोरांना महिना काढून द्यायची कापसावरून, आणि तुझ्याकडे मिनिटं होती. आणखी किती बायांकडे होतं असलं कार्ड? कुणाकडेच नव्हतं असं धरून चालले मी. विचारलं कुठं? पावसाचं विचारलं, दिवाळीचं विचारलं, कागद आहे का असं एकीला विचारलं नाही.

एक सांग मला. नऊ फेब्रुवारी तुला ठाऊक होती. दर वर्षी ठाऊक होती. मग बावीस सप्टेंबरला तू तिला नवा फ्रॉक का घालायचीस? वेण्यांना रिबिनी, डब्यात शिरा, तोही दोघींना पुरेल एवढा — ‘मॅडमले बी दे’ म्हणून सांगून पाठवायचीस, ती येऊन सांगायची मला. मोठ्या शाळेत गेली तरी पाठवायचीस. मागच्या वर्षीसुद्धा आली होती, पेढे घेऊन. तुला माहीत होतं हा तिचा दिवस नाही. मग कुणाचा म्हणून पाठवायचीस?

…

माहीत होतं तुला. कुणी सांगितलं? — राहू दे, नको सांगूस. तुझी जाऊ आमच्या ऑफिसात झाडायला होती काही दिवस, माझी सेवापुस्तिका तिनंच… राहू दे.

दे तो कागद. तुझा अर्ज नाही, कोरा दे, त्या गठ्ठ्यातला. हिंदीत लिहावं लागेल, ऑफिसला मराठी चालत नाही. ‘महोदय, मेरे द्वारा दिनांक आठ को दिया गया स्पष्टीकरण असत्य है।’ असत्यच लिहिते, ‘त्रुटिपूर्ण’ लिहिलं तर पुन्हा नंदकुमार बाबू त्यातून वाट काढतील. ‘बालिका की माता ने प्रवेश के दिन अस्पताल का कार्ड प्रस्तुत किया था। मैंने उसे देखने से मना किया, उनके हस्ताक्षर पहले ले लिए, और जन्मतिथि अपने मन से लिखी। माता का कोई दोष नहीं।’ सही. शिक्का. आजची तारीख. रजिस्टरच्या पानाची आणि कार्डाची झेरॉक्स रस्त्यावरच्या दुकानात काढ, दोन-दोन प्रती, आणि सोमवारी साडेदहाला ऑफिस उघडायच्या आधी दारात उभी राहा. आवक-जावकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय हलायचं नाही. कुणी म्हणालं की कागद ठेवून जा, बघतो, तर म्हणायचं नाही. ऐकलंस? मान खाली घालायची नाही, जी साहेब करायचं नाही, ‘मनाजोडे कारड शे’ म्हणायचं, मोठ्यानं, ते ऐकेपर्यंत. तेही नाही ऐकू आलं म्हणाले तर माझं नाव घे, म्हण त्या मॅडमलाही असंच ऐकू आलं नव्हतं.

माझं काय व्हायचं ते होईल. काय करतील? चौकशी करतील, दोन वर्षं हेलपाटे घालायला लावतील. घालीन. रिटायर बाईला दुसरं काम काय असतं? दगाचं विचारलं तर सांगीन त्याच्या आईकडे कागद नव्हता, आणि खरंच नव्हता, त्याची आजी होती आली तेव्हा, तिला मी — असो. ऊठ आता. पाया पडू नकोस. पडू नकोस म्हटलं ना, चिडेन मी! आधीच डोकं फिरलंय माझं, आणि खिचडी निवत चालली आहे, आणि साडेतीनच्या आत पोरांची संख्या मोबाईलवर चढवायची आहे.

आणि अश्विनीला सांग — काय सांगशील? — सांग की बावीसला इकडं यायचं नाही. पेढे नको, शिरा नको. नऊ फेब्रुवारीला कर म्हणावं काय करायचं ते, तुमच्या तुमच्यात. मला बोलवायची गरज नाही. फॉरेस्टचा ड्रेस मिळाला की एकदा… नको, काही नको. जा तू, ऑटो निघून जाईल तुझी. कार्ड घेतलंस ना? पिशवीत नीट ठेव. जा.